आवाज फुटलेल्यांसाठी काही सूचना

तुमचं वय वीस-एकवीस. पंधराव्या-सोळाव्या वर्षी गायलेल्या एका गाण्याने तुम्हाला बंगला दिला, चार गाड्या दिल्या आणि जगभरातल्या आठवी-नववीच्या वह्यांची शेवटची पानं दिली. मग आवाज फुटला. मिसरूड आलं. ज्या मुलींनी तुमचं पोस्टर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, त्या कॉलेजात गेल्या आणि कुठल्याशा दिवाळीच्या साफसफाईत तुम्ही रद्दीत गेलात. दारावर सेलोटेपचे चार पिवळे डाग तेवढे उरले.

घाबरू नका. तुम्हाला फक्त पोक्त व्हायचं आहे. सामान्य माणसाला त्यासाठी नोकरी, घराचे हप्ते, वडिलांची अँजिओप्लास्टी असा लांबचा रस्ता धरावा लागतो. तुम्हाला तेरा गाणी पुरतात.

वस्तुपाठ म्हणून जस्टिन बीबरचा 'पर्पज' समोर ठेवा. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी तो अल्बम आला तेव्हा हा कॅनडाचा मुलगा २१ वर्षांचा होता आणि जग त्याला २०१० च्या 'बेबी'वरून ओळखत होतं. ते गाणं एके काळी यूट्यूबवर सर्वांत जास्त पाहिलेलं होतं आणि सर्वांत जास्त नापसंत केलेलंही. पाहण्याचा विक्रम लवकरच मोडला, नापसंतीचा मात्र २०१८ पर्यंत शाबूत राहिला. लोक प्रेमाचा कंटाळा करतात, रागाचा करत नाहीत. असो.

पहिलं काम म्हणजे पापं जमवणं. हे टाळून थेट अल्बमकडे जाल तर फसाल, कारण माफी कशाची मागणार? बीबरने इथे कसलीही हयगय केली नाही. मार्च २०१३ मध्ये तो म्युनिकच्या विमानतळावर उतरला तो एक माकड घेऊन. कॅपुचिन जातीचं पिल्लू, नाव मॅली. मालकाकडे माकडाची कागदपत्रं नव्हती, म्हणून जर्मन कस्टमने ते ठेवून घेतलं. मुदत दिली. मुदतीत कोणी न्यायला आलं नाही. मग मॅली रीतसर जर्मन सरकारजमा झालं आणि होडेनहागेनच्या प्राणी-उद्यानात त्याची सोय लागली. या सगळ्या कथेत सर्वांत आधी स्थिरस्थावर झालं ते माकड.

जानेवारी २०१४ तर फारच भरभराटीचा गेला. कॅलिफोर्नियात शेजाऱ्याच्या घरावर अंडी फेकली, त्याची नुकसानभरपाई ८०,९०० डॉलर. (एवढ्या पैशात एखाद्या गावाला वर्षभर रोज भुर्जी घालता आली असती, पण तुम्ही हिशेबात पडू नका. पोक्तपणाची गुंतवणूक म्हणून बघा.) त्याच महिन्यात मायामी बीचला भाड्याच्या लँबोर्गिनीत पकडला गेला आणि पोलिसांनी काढलेल्या फोटोत चक्क हसला. फोटो काढताना हसू नका असं पोलीस का सांगत नाहीत कोण जाणे. पण तुम्ही हसाच. पुढे जेव्हा तुम्ही गंभीर तोंड कराल तेव्हा लोकांना तुलना करायला आधीचा फोटो हवा.

एक इशारा. पोक्तपणा पहिल्या फटक्यात पदरात पडत नाही, सीएच्या परीक्षेसारखं आहे. २०१२ चा 'बिलीव्ह' आला तेव्हाही पोरगा मोठा झाला असंच बोललं गेलं होतं. २०१३ च्या 'जर्नल्स'मध्ये तो आर अँड बी नावाच्या संगीतप्रकाराच्या अंधुक उजेडात गेला. तेव्हाही तेच. दोन्ही वेळा निकाल राखून ठेवला गेला. ग्रुप क्लिअर झाला तो थेट 'पर्पज'ला.

त्याआधी शिमगा साजरा करून घ्या. आपल्याकडे होळीला बोंब मारून, शिव्या देऊन मन मोकळं करायची पद्धत आहे. अमेरिकेत त्यासाठी टीव्ही वाहिनी भाड्याने घेतात. मार्च २०१५ मध्ये, म्हणजे साधारण शिमग्याच्याच सुमारास, कॉमेडी सेंट्रलवर बीबरला खुर्चीत बसवून अर्धा डझन विनोदवीरांनी त्याची साग्रसंगीत पाद्यपूजा केली. कार्यक्रमाच्या जाहिरातीत तर त्याच्यावरच अंडी फेकण्यात आली. फिटंफाट. शेवटी त्याने उठून, आपण सुधारणार आहोत, अशा आशयाचं भाषण केलं. दुसऱ्यांनी इतक्या शिव्या घातल्यावर घरच्यांनाही दया येते, आणि ज्यांनी पोस्टर काढलं होतं त्याही म्हणू लागतात, जाऊ दे गं, लहानच होता. ऑगस्टमध्ये एका पुरस्कार सोहळ्यात तो गाता गाता तारांना लटकून हवेत गेला आणि खाली आल्यावर रडला. क्रम लक्षात ठेवा: आधी उडणं, मग रडणं. उलट केलंत तर नाक पुसायला हात मोकळा राहत नाही.

आता साउंड. समीक्षक ज्याला 'परिपक्व साउंड' म्हणतात तो कसा करतात? ठेका थोडा मागे ओढा. जिथे आधी टाळ्या वाजत होत्या तिथे रिकामी जागा ठेवा. घड्याळाची टिकटिक घाला, जशी 'व्हॉट डू यू मीन?'मध्ये आहे; टिकटिक ऐकली की माणसाला आपोआप वय आठवतं. आणि ओरडू नका, पुटपुटा. सोळाव्या वर्षी प्रेम खिडकीखाली उभं राहून ओरडतं, एकविसाव्या वर्षी ते कानात कुजबुजतं आणि तिसाव्या वर्षी 'दूध आणलंस का' असं विचारतं. हा तिसरा टप्पा पॉप संगीतात अजून कोणी गायलेला नाही. धाडस असेल तर मैदान मोकळं आहे.

पण मला 'व्हेअर आर यू नाऊ'बद्दल दोन शब्द जास्त बोलायचेत, आणि इथे सल्ला देताना माझी जीभ जरा अडखळते. मूळ गाणं पियानोवरचं साधं, रडवेलं. बीबरने ते स्क्रिलेक्स आणि डिप्लो या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीच्या हाती दिलं. त्यांनी त्याच्या आवाजाचे तुकडे केले, एक तुकडा उचलून वरच्या सप्तकात चढवला, ताणला, खरवडला. त्यातून जे निघालं ते ऐकून कोणाला बासरी वाटली, कोणाला डॉल्फिन. ते वाद्य नव्हतं, तो बीबरच होता. म्हणजे बघा, मोठं होण्याच्या अल्बममधला सगळ्यात लक्षात राहणारा सूर हा त्याच पोराचा, फुटण्याआधी होता त्याहूनही वर नेलेला आवाज आहे. 'बेबी'चे वरचे सूर आता लागत नाहीत हे त्याने स्वतःच आवाज फुटताना सांगून टाकलं होतं. ते गेलेले सूर यंत्राने शोधून आणले आणि हरवलेल्या कोणाला तरी 'कुठे आहेस' असं विचारणाऱ्या गाण्यात ठेवले. हे कोणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही. बाकीच्या अल्बमवर मी हवी तेवढी थट्टा करीन, हे चाळीस-एक सेकंद मात्र मला निमूटपणे ऐकावे लागतात. या गाण्याला ग्रॅमी मिळालं, तेही नाचाच्या विभागात. तुम्ही असं काही करायला जाऊ नका. ठरवून होत नाही.

जे ठरवून होतं त्याकडे वळू: माफी. 'सॉरी' या गाण्याच्या लेखकांत पाच नावं आहेत. साधं 'चुकलो' म्हणायला पाच जण! आपल्याकडे मुलगा शाळेत पकडला गेला तर माफीपत्र एकटे वडील लिहीत आणि खाली मुलाची सही घेत. तुम्ही मोठे कलाकार आहात, तेव्हा किमान एक समिती नेमा. माफी नाचता येईल अशी हवी, म्हणजे ज्यांची मागायची ते ऐकायच्या नादात विसरतात. आणि व्हिडिओत स्वतः जाऊ नका. 'सॉरी'च्या व्हिडिओत बीबर मुळी नाहीच. न्यूझीलंडच्या पॅरिस गोबेलने बसवलेला नाच आहे, भडक रंगांचे कपडे घातलेल्या मुली आहेत, आणि अपराधी गैरहजर. वकील पाठवून तारीख घेण्याचा याहून देखणा प्रकार मी पाहिलेला नाही.

अल्बमचा क्रम बघा म्हणजे खरी गंमत कळेल. 'सॉरी' चौथं गाणं. पाचवं गाणं 'लव्ह युवरसेल्फ'. नाव ऐकून वाटतं, हे व्याख्यानमालेतलं पुष्प असावं. प्रत्यक्षात एड शीरन या इंग्रज गायकाच्या सहीचं, जवळजवळ एका गिटारवर गायलेलं, अगदी मवाळ चालीतलं ते 'जा, तुझं तू बघ' आहे. त्यात नायक त्या मुलीला आणखी एक सुनावतो: माझ्या आईला सगळे आवडतात, तू आवडत नाहीस. मराठी वाचकाला इथे एकदम घरी आल्यासारखं वाटेल. चौथ्या गाण्यात नाक घासायचं आणि पाचव्यात आईचा हवाला देऊन हिशेब चुकता करायचा. तीन-साडेतीन मिनिटांचा पश्चात्ताप पुरे आहे, त्याहून जास्त तब्येतीला सोसत नाही.

मुखपृष्ठावर प्रार्थना करा. बीबरने मान खाली घातली आहे, हात जोडले आहेत, अंगात शर्ट नाही, छातीवर गोंदलेला क्रूस. पूजेला उघड्या अंगाने बसतात हे आपल्याला नवं नाही, फक्त आपल्या गुरुजींचं पोट इतकं सपाट नसतं. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. रेकॉर्ड कंपनी तिचा वापर योजना म्हणून करते. योजना चालली. त्याच दिवशी वन डिरेक्शन या पोरांच्या बँडचाही अल्बम आला होता, तो मागे पडला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत पाच लाखांहून जास्त प्रती खपल्या. जानेवारी २०१६ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिली तिन्ही गाणी बीबरची होती, असं तिथे आधी कोणाचं झालं नव्हतं. शेवटाकडच्या उपदेशपर गाण्यांबद्दल फार बोलत नाही. प्रत्येक समारंभात आभारप्रदर्शन असतं, लोक तोवर चपला शोधायला उठलेले असतात.

यानंतर दौरा. १० मे २०१७ ला हा पोक्तपणा नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला. महागातलं तिकीट ७५ हजारांच्या वर. मे महिना, नवी मुंबई, दमट हवा; पाहुण्याने टी-शर्ट आणि हाफ चड्डी घातली, यात मला तरी व्यवहारज्ञानच दिसतं. बऱ्याच गाण्यांना आवाज रेकॉर्डवरचा आणि ओठ फक्त हलत होते, असा नंतर ओरडा झाला. ओरडणाऱ्यांना मर्म कळलं नाही. आवाज फुटतो, रेकॉर्ड फुटत नाही.

जुलैमध्ये उरलेला दौरा रद्द झाला. त्याच महिन्यात बीजिंगच्या सांस्कृतिक खात्याने, बीबरला चीनमध्ये का येऊ देत नाही, या प्रश्नाला उत्तर देताना त्याच्या गैरवर्तनाकडे बोट दाखवलं आणि तो मोठा होईल तसा सुधारेल अशी आशा व्यक्त केली. अल्बम येऊन पावणेदोन वर्षं झाली होती! तुमचा साउंड परिपक्व झाला हे समीक्षक ठरवतात, तुम्ही झालात की नाही ते व्हिसा देणारा ठरवतो. दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलीत ठेवा.

मग काय, आपल्याकडे अशा पोराला शेवटचा उपाय करतात तो त्यानेही केला. २०१८ मध्ये दोनाचे चार हात झाले. २०२० मध्ये 'चेंजेस', २०२१ मध्ये 'जस्टिस'. प्रत्येक वेळी नव्याने मोठा झाल्याची बातमी. एव्हाना एका मुलाचा बाप झालेल्या या गृहस्थाने २०२५ मध्ये अल्बम काढला, त्याचं नाव 'स्वॅग'.

आणि हो, एक राहिलं. 'पर्पज'च्या दौऱ्यात कार्यक्रमाच्या शेवटी शेवटी, अल्बमच्या शीर्षकगीताच्या अगदी आधी, 'बेबी' असायचं. तुमच्याही दौऱ्यात तुमचं ते जुनं गाणं असणारच, कंत्राटात नसलं तरी. हजारो माणसं ते तुमच्याआधी सुरू करतील, तेही मूळ पट्टीत. तुम्ही दोन स्वर खाली असाल. त्या साडेतीन मिनिटांत चेहऱ्याचं काय करायचं ते घरी आरशासमोर बसवून ठेवा.