सा रे ग चौकोन

पुस्तकाची पीडीएफ पाठवली की छापखान्याच्या संगणकाकडून येणारा निरोप एका ओळीचा असतो. 'फाइलमधले सर्व फॉन्ट एम्बेड केलेले नाहीत, दुरुस्त करून पुन्हा अपलोड करा.' कुठला फॉन्ट, कितव्या पानावर, याबद्दल चकार शब्द नाही. 'घरी कुणीतरी आजारी आहे' एवढीच तार यावी, तसा हा प्रकार. इकडे तुमचं १२० पानी पुस्तक तयार आहे. डाव्या पानावर भातखंडे पद्धतीने लिहिलेली बंदिश, उजव्या पानावर तीच स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत. पडद्यावर सगळं लख्ख दिसतंय. मग हा रुसवा कशाचा?

पडद्यावर दिसतंय हीच तर गोम आहे. फॉन्ट तुमच्या संगणकात आहे म्हणून तुम्हाला दिसतोय. फाइलमध्ये तो नसेल, तर तिच्यात फक्त 'इथे अमुक फॉन्टातलं अमुक क्रमांकाचं चिन्ह काढा' अशी चिठ्ठी असते. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, तो हाताला लागेल त्या फॉन्टातलं चिन्ह काढून मोकळा होतो. मागणीनुसार छपाईत ऑर्डर आली की एक प्रत निघते, आणि ती कुठल्या गावच्या यंत्रातून निघेल ते आपल्याला कळत नाही. 'अहो, हा कोमल गंधार असा कसा?' असं विचारणारा कंपोझिटर मधे कुणी नाही. म्हणून पीडीएफने विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊनच निघायचं. एम्बेडिंग म्हणजे हेच बिऱ्हाड.

बिऱ्हाड घरी राहिलं तर काय होतं, ते पाहण्यासारखं असतं. अ‍ॅडोबीचा सोनाटा हा १९८०च्या दशकातला संगीताचा फॉन्ट. त्यात ट्रेबल क्लेफ (पाच रेषांच्या सुरुवातीची वेटोळी खूण) & च्या जागेवर बसवलेली, बेस क्लेफ (खालच्या सुरांसाठीची तशीच खूण) प्रश्नचिन्हाच्या, शार्प ही सूर चढवणारी खूण # च्या आणि फ्लॅट ही उतरवणारी रोमन 'बी'च्या. काळ्या नोटेचं डोकं होतं ते 'ओ' आणि 'ई' चिकटून होणाऱ्या फ्रेंच जोडाक्षरावर. फिनाले या स्वरलिपी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचे पेत्रुची आणि मायेस्त्रो हे फॉन्टही याच वळणाचे. असा फॉन्ट गळाला की पाच रेषा जागच्या जागी राहतात, आणि त्यांच्यावर &, #, सी, ओई, ओई, ओई अशी वरात निघते. सुरात भैरवी आणि दिसायला शिवी. बिचाऱ्या ओत्ताव्हियानो पेत्रुचीने १५०१ साली व्हेनिसमध्ये खिळे जुळवून बहुस्वरी संगीताचं पुस्तक छापलं. त्यासाठी तोच कागद यंत्राखालून पुनःपुन्हा घालावा लागे, रेषा वेगळ्या आणि सूर वेगळे. आज त्याच्याच नावाचा फॉन्ट हजेरीपटावर गैरहजर. त्यात २०२४मध्ये फिनालेच्या कंपनीने या सॉफ्टवेअरचा विकासच थांबवला. तेव्हा जुन्या फाइली नव्या लॅपटॉपवर उघडणाऱ्यांनी मायेस्त्रो सोबत आलाय का, ते आधी पाहावं.

नव्या पिढीचे फॉन्ट अधिक सभ्य. २०१३मध्ये जाहीर झालेल्या स्मूफल या प्रमाणाने संगीताची चिन्हं युनिकोडच्या खाजगी वापराच्या पट्ट्यात नेऊन ठेवली. ब्रावुरा आणि म्यूझस्कोर या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरचा लेलँड हे त्याच घराण्यातले. ते गळाले तर शिवीऐवजी कोरे चौकोन उमटतात. चौकोन निदान घरात लहान मुलं असताना उघडता येतो.

आता चोर शोधायचा. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबा, 'फॉन्ट्स'च्या टॅबवर जा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' असं हवं. सबसेट म्हणजे अख्खं घर न उचलता लागतील तेवढीच भांडी पिशवीत भरणं. अशा फॉन्टच्या नावाआधी सहा कॅपिटल अक्षरं आणि अधिकचं चिन्ह चिकटलेलं असतं. त्याला घाबरू नये, तो सामानावरचा बिल्ला आहे. पण इथे एक खोच आहे. ही यादी बहुधा तुम्ही चाळलेल्या पानांपुरतीच असते. पहिल्या पानावर यादी पाहून 'सगळं ठीक' म्हणणारा माणूस दारातूनच तब्येत विचारून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखा. एकदा शेवटच्या पानापर्यंत जाऊन या, मग यादी पाहा. त्यापेक्षा पॉपलर या पीडीएफ-अवजारांच्या संचातली 'पीडीएफफॉन्ट्स' ही आज्ञा बरी. ती सगळी फाइल उपसते आणि 'ईएमबी' या रकान्यात हो किंवा नाही सांगते. एकही 'नाही' चालत नाही.

आणि चोर सापडतो तेव्हा तो संगीताचा फॉन्ट नसतोच. असतो हेल्वेटिका. किंवा टाइम्स. पीडीएफ जन्मली तेव्हा १४ फॉन्ट 'हे सगळ्यांकडे असतातच' म्हणून प्रमाण ठरवले गेले, आणि बरीच सॉफ्टवेअरं त्या भरवशावर ते फाइलमध्ये भरत नाहीत. जावयाला पत्रिका कशाला, तो घरचाच, असं म्हणून जावईच लग्नात दिसू नये, तशी गत. हा हेल्वेटिका लपतो कुठे? मागाहून चिकटवलेल्या पृष्ठक्रमांकात. रीडरमध्ये मारलेल्या शेऱ्यात. गीताच्या ओळीखालच्या रिकाम्या चौकटीतल्या एका स्पेसमध्येसुद्धा. न दिसणाऱ्या स्पेसलाही फॉन्ट असतो, आणि तपासणी करणारं यंत्र तो मोजतं. माणसाला जे दिसतच नाही, त्यावरून पुस्तक अडवणं ही कला मी तरी दुसरीकडे फक्त सरकारी खिडकीवर पाहिली आहे.

भातखंडे पद्धतीच्या पानावर याहून बारीक चोर असतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. ही चिन्हं टाइप करायला लोक वेदपाठाची अनुदात्त-उदात्त चिन्हं उसनी घेतात. कल्पना झकास. पण तुमच्या आवडत्या देवनागरी फॉन्टात अनुदात्त नसेल, तर सॉफ्टवेअर मुकाट्याने ते एक चिन्ह दुसऱ्या फॉन्टातून आणतं. मग यादीत विंडोजमधली निर्मला दिसते आणि तुम्ही म्हणता, 'ही कोण? मी तर हिला बोलावलंच नव्हतं!' कधी रेघेऐवजी टिंबांचं गोल कडं उमटतं. अक्षराला चिन्ह कुठे लावायचं ते कळलं नाही, अशी ती कबुली असते. माझं मत विचाराल तर कोमलची रेघ सॉफ्टवेअरच्या अंडरलाइननेच मारावी. ती रेघ म्हणजे चित्र, तिला फॉन्ट लागत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेल्या बंदिशी तर हात जोडून आधी युनिकोडमध्ये आणाव्यात. कृतिदेवातलं 'भारत' फॉन्ट गळाला की रोमन एच-के-के-जे-आर होतं. तिथे 'रे ग म'चं काय होईल ते सांगायला नको.

उपाय. पीडीएफ शक्यतो 'प्रिंट'मधून काढू नये, 'एक्स्पोर्ट'मधून काढावी. त्यानंतरही हेल्वेटिका हटत नसेल तर फाइल घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ नव्याने काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'प्रीप्रेस' ही सेटिंग देऊन पुन्हा काढावी. या सेटिंगमध्ये १४ जावयांनाही पत्रिका जाते. हेल्वेटिकाच्या जागी निंबस नावाचा जुळा भाऊ येऊन बसतो, ते चालतं. मात्र हे काम ज्या संगणकात संगीताचे फॉन्ट आहेत तिथेच करायचं. मायेस्त्रो नसलेल्या यंत्रावर घोस्टस्क्रिप्ट दुसराच फॉन्ट आणून तो निष्ठेने एम्बेड करतं. यादीत सगळीकडे 'हो', तपासणीत पास, आणि पानावर तीच &, # ची वरात. प्रमाणपत्र खरं, नवरदेव खोटा.

काही फॉन्ट एम्बेड होतच नाहीत, त्यांच्या पोटातच मनाई असते. ट्रूटाइप फॉन्टात परवानगीचा एक आकडा असतो. शून्य म्हणजे खुशाल न्या, ४ म्हणजे पाहण्या-छापण्यापुरता न्या, ८ म्हणजे संपादनापर्यंत चालेल आणि २ म्हणजे हात लावू नका. ब्रावुरा, लेलँड, लिलीपाँड या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरचा एमेंटालर यांचे परवाने मोकळे, त्यांची चिंता नको. एमेंटालर हे एका चीजचं नाव. त्याचे आठ आकारांसाठी आठ अवतार आहेत, तेव्हा एकाच पानावर दोन एमेंटालर दिसले तरी दचकू नये. लिलीपाँडच्या ४० फाइली जोडून पुस्तक केलंत, तर प्रत्येक गाणं आपापली पिशवी घेऊन येतं आणि फाइल फुगते. ४० वऱ्हाडी, ४० इस्त्र्या.

अगदी हटून बसलेल्या फॉन्टवर शेवटचा उतारा म्हणजे अक्षरांचं आउटलाइन करणं. अक्षराचं चित्र झालं की फॉन्टचा प्रश्नच मिटतो. मात्रा-वेलांट्याही हलत नाहीत. पण बारीक टाइपातली गीताची ओळ किंचित जाड दिसते, आणि उद्या 'सावरे'चा 'साँवरे' करायचा झाला तर मूळ फाइलच उघडावी लागते. म्हणून हा प्रयोग मुखपृष्ठावर करावा, सगळ्या पुस्तकावर नको. मुखपृष्ठाची फाइल वेगळी जाते आणि तिचे फॉन्ट तपासायचे सगळेच विसरतात. नेमकं तिथेच कुणीतरी फुकट उतरवलेलं नक्षीदार अक्षर बसलेलं असतं.

हे सगळं झाल्यावर खरी परीक्षा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. पेन ड्राइव्ह द्यायचा आणि तीन पानांच्या प्रिंट मागायच्या: एक स्टाफ नोटेशनचं, एक कोमल-तीव्रांनी गजबजलेलं, एक नुसता पृष्ठक्रमांक असलेलं. त्या संगणकावर संगीताचा एकही फॉन्ट नसतो, म्हणून यासारखा परीक्षक नाही. दुकानदार कागद हातात देताना 'गाणं शिकता काय?' म्हणाला, तर फाइल अपलोड करावी. 'एवढे पासवर्ड कशाला छापले?' म्हणाला, तर घरी येऊन पुन्हा कंट्रोल आणि डी.