आत्मा काढून टाकलात म्हणे

आज आमच्या जुन्या सीजे-थ्री-बी जीपमध्ये डिझेल भरायला थांबले होते. तिचं मूळ पेट्रोल इंजिन काढून आम्ही डिझेल बसवलंय. शेजारच्या गाडीतून एक काका उतरले, जीपभोवती फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावले आणि म्हणाले, "अरेरे. आत्माच काढून टाकलात की हो ताई."

दुपारपासून तेच डोक्यात फिरतंय. मनातल्या मनात भांडून झालं, आता इथे भांडते.

मी अकरा वर्षांची असताना याच जीपमध्ये, एका खड्या चढावर, नाक आभाळाकडे असताना इंजिन बंद पडलं. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल कलंडलं की ते घुसमटायचंच. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक ब्रेक ड्रम असतो. आमचं तिथलं सील गळायचं, ड्रम तेलाने माखलेला. म्हणजे हँडब्रेक शोभेला. बाबा ब्रेकवर उभेच राहिले आणि ओरडले, "उतर, दगड लाव!" मी उडी मारली, हाताला लागला तो धोंडा मागच्या चाकाखाली सारला. जीप इंचभर मागे आली आणि टेकली. तो टेकल्याचा आवाज अजून ऐकू येतो मला. काका, तोच का तुमचा आत्मा?

आणि 'मूळ' म्हणजे काय हो? १९५३ साली सीजे-थ्री-बी आली ती मुळात इंजिन बदलूनच आली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपपासून चालत आलेलं ६० हॉर्सपॉवरचं गो-डेव्हिल इंजिन काढून कंपनीने हरिकेन इंजिन बसवलं. तेवढंच २.२ लिटरचं, पण हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच उंच केलं. ज्या उंच कपाळावर तुम्ही सगळे भाळता ना, ती इंजिन बदलल्याचीच खूण आहे. कंपनीने केलं तर इतिहास, आम्ही केलं तर खून!

लोकांना वाटतं जुनं उचललं, नवं ठेवलं, चार बोल्ट आवळले. आमचं इंजिन एका अपघातग्रस्त गाडीचं, कॉमन रेल टर्बो डिझेल. बसवायला आठवडा, चालू राहायला तीन महिने. सुरू व्हायचं आणि दोन सेकंदांत गप्प. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, आपल्या ओळखीची चावी हवी होती, आणि पहिल्या मेकॅनिकने वायरिंग कापून आणताना चावी आणि मीटर तिकडेच भंगारात सोडलेलं. (त्याच्यावर वेगळी पोस्ट होईल. नको.)

मग गिअरबॉक्स. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच. नवा पाच गिअरचा बॉक्स जुन्या तीन गिअरवाल्यापेक्षा लांब. दोन्ही डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरचे गोळे, शाफ्ट जिथे जोडतात ते) उजवीकडे सरकलेले, म्हणून त्यांच्याशी जुळणारी जुनी डाना १८ ट्रान्सफर केसच ठेवली. मागच्या शाफ्टला उरली वीतभर जागा. शाफ्ट आखूड झाला की कोन वाढतो, कोन वाढला की क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, जातो. दोन क्रॉस घालवले. इंजिन पुढे सरकवलं, तर खड्ड्यात पुढचा अ‍ॅक्सल इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला लागायला लागला. आत्मा म्हणे. मी रात्ररात्र त्या गाडीखाली पडून होते, मला तरी तो कुठे दिसला नाही.

चिडायचंच असेल तर यांच्यावर चिडा: अडीचशे न्यूटन मीटरचं इंजिन बसवून ९ इंची ड्रम ब्रेक तसेच ठेवणारे. ब्रेक ऑइलचं एकच सर्किट, ब्रेक दाबायला जोर देणारा बूस्टर नाही, एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. आणि वर उड्या मारल्याचे व्हिडिओ! त्यांच्या गाडीतून दगड लावायला कोण उतरणार आहे? आम्ही आधी पुढे डिस्क बसवल्या, दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर, बूस्टर, आणि मगच इंजिनला हात लावला. कागदांवर इंजिनबदलाची रीतसर नोंद आहे, हेही विचारायच्या आधीच सांगते.

बरं, एक मान्य. जुनं इंजिन पाना आणि स्क्रूड्रायव्हरवर कुठेही चालू करता यायचं, नवं एक सेन्सर गेला की लॅपटॉप मागतं. केलं मान्य. पुढे.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन त्याच चढावर गेले. लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू पण जास्त ताकदीचा गिअर), पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, आणि जीप आपली मुंगीसारखी चढतेय. निम्म्यात मुद्दाम थांबवली. धरली तिने. बाबा काही बोलले नाहीत. बघते तर त्यांचा एक पाय बाहेर, जमिनीवर. दगड शोधत होते.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. आता आठवतंय, बॉनेट लावताना काकांचा हात जरा जास्तच वेळ त्यावर होता. त्यांच्याकडेही असेल कधीतरी. विचारायला हवं होतं. मी फटकन गाडी काढली.

हरिकेन विकलेलं नाही. ताडपत्रीखाली आहे, महिन्यातून एकदा हाताने फिरवते, अडकायला नको म्हणून. आणि तो जुना ठोका मलाही आठवतो, पण हे तुम्ही काकांना सांगायचं नाही. चॅसीला एकही नवा वेल्ड नाही, इंजिन ज्यावर बसतं ती सगळी माउंटं बोल्टवर, हवं तेव्हा परत बसेल.

माउंटचे फोटो उद्या टाकते. काका, तुम्ही इथे असाल तर तुम्हीही बघा.