केईएमची रांग आणि ‘फुकट’ आरोग्यसेवेविरुद्धचे युक्तिवाद

सरकारने सर्वांना आरोग्यसेवा पुरवू नये, असे सांगणारा एक संदेश मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर वरचेवर येत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा: फुकट मिळाले की लोक गरज नसताना गर्दी करतात आणि महापालिकेच्या केईएम रुग्णालयातली रांग हा त्याचा पुरावा आहे, हा सारा खर्च मूठभर प्राप्तिकरदात्यांच्या माथी बसतो, खाजगी रुग्णालयांना मोकळीक दिली तर स्पर्धेने दर उतरतात आणि दर्जा वाढतो, सरकारी रुग्णालयांची अवस्था सर्वांनाच ठाऊक आहे, आणि गरिबांसाठी पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचे सरकारी कार्ड आहेच, मग श्रीमंतांनाही फुकट कशाला? यातला एक मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. बाकीचे तपासायला घेतले की टिकत नाहीत.

परळच्या केईएम रुग्णालयात वर्षाकाठी सुमारे 18 लाख बाह्यरुग्ण येतात, ही गोष्ट खरी. पण ते तिथेच का येतात, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. महापालिकेची केईएम, नायर, शीव आणि राज्य सरकारचे जे. जे. ही मोठी रुग्णालये मुंबई शहर जिल्ह्यात आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 31 लाख आणि उपनगर जिल्ह्याची सुमारे 94 लाख होती. उपनगरांत महापालिकेची रुग्णालये आहेत, जुहूच्या कूपरला आता वैद्यकीय महाविद्यालयही जोडलेले आहे, तरीही आजार गुंतागुंतीचा निघाला की रुग्णाला परळ किंवा शीव गाठावे लागते, आणि त्यात कसारा, कर्जत, पालघरकडून येणाऱ्यांची भर पडते. दिवसाची मजुरी बुडवून, पहाटेच्या लोकलने येऊन केस पेपरच्या खिडकीसमोर उभे राहण्याची हौस कोणालाही नसते. ही रांग सेवा अपुरी असल्याचे सांगते. सेवेचा गैरवापर होत असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही.

उपचार मोफत असले की त्यांचा वापर वाढतो, हे मात्र खरे आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात रँड या संशोधन संस्थेने हजारो लोकांवर याचा प्रयोग केला; काही कुटुंबांना पूर्ण मोफत, तर काहींना खर्चाचा वाटा स्वतः उचलावा लागेल अशा विमा योजना देण्यात आल्या. ज्यांना पैसे मोजावे लागत होते ते डॉक्टरकडे कमी वेळा गेले, परंतु त्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारांतही कपात केली, आणि उच्च रक्तदाब असलेल्या गरीब रुग्णांची स्थिती मोफत योजनेतच अधिक चांगली राहिली. संदेशात या निष्कर्षाचा सोयीचा अर्धाच भाग येतो.

करदात्यांचा मुद्दा लवकर आटोपता येतो. वस्तू व सेवा कर साबण घेणारी घरकामगारही भरते आणि मोबाइलचे रिचार्ज करणारा रिक्षाचालकही भरतो. उलट, खाजगी आरोग्यविम्याच्या हप्त्यावर प्राप्तिकर कायद्यात जी वजावट मिळते आणि धर्मादाय न्यासांच्या पंचतारांकित रुग्णालयांना जी करसवलत मिळते, तीही सार्वजनिक पैशातूनच जाते. तिला कोणी फुकटेगिरी म्हणत नाही.

स्पर्धेचा मुद्दा सविस्तर पाहायला हवा, कारण त्यावर सुशिक्षितांचाही विश्वास असतो. छातीत कळ आलेला माणूस चार रुग्णालयांची दरपत्रके मागवत बसत नाही. आपल्याला काय हवे हे त्याला विकणाराच सांगतो. वैद्यकीय सेवेची ही अडचण अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 मध्येच मांडली होती. आपल्याकडचे उदाहरण हृदयाच्या स्टेंटचे, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचे आहे. औषधलेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत सुमारे 1 लाख 21 हजार रुपये होती. बाजारात अनेक कंपन्या होत्या, पण स्टेंट निवडणारा एक, नफा घेणारे दुसरे आणि पैसे देणारा तिसराच असल्यामुळे ही किंमत उतरली नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने 29,600 रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा ती उतरली. त्या वेळी समोर आलेल्या आकडेवारीत सर्वाधिक नफा रुग्णालयांच्या पातळीवर होता.

दर्जाचेही तसेच. मुंबईतील खाजगी डॉक्टर क्षयरोगावर काय लिहून देतात, याची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. सहभागी झालेल्या 106 डॉक्टरांनी मिळून 63 वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या आणि त्यांपैकी केवळ 6 जणांची योजना बरोबर होती. चुकीच्या औषधांनी जंतू औषधांना दाद देईनासा होतो आणि मग तो लोकलच्या डब्यात शेजारी बसलेल्याकडे जातो. त्या शेजाऱ्याकडे कितीही मोठ्या रकमेचा विमा असला तरी हा धोका टळत नाही.

आता तो बऱ्याच अंशी खरा असलेला मुद्दा, म्हणजे सरकारी रुग्णालयांची अवस्था. औषधांसाठी हातात पडणारी बाहेरची चिठ्ठी, एमआरआयची लांबची तारीख, सलग पाळ्या करून चिडलेले निवासी डॉक्टर, यांतले काही नाकारण्यासारखे नाही. पण ही दुरवस्था सार्वजनिक व्यवस्थेला जन्मजात चिकटलेली नाही. ज्या केईएममधील उपचारांतून डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी 1986 मध्ये भारतातील पहिल्या शास्त्रीय नोंद असलेल्या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म घडवला आणि ज्या शीवच्या रुग्णालयात 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती महापालिकेचीच रुग्णालये होती. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्के करण्याचे ठरवले होते. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. औषधांच्या तुटवड्यावर तमिळनाडूने 1995 पासून स्वतंत्र महामंडळामार्फत एकत्रित खरेदी करून बराच मार्ग काढला. पुरेसा पैसा न देता सरकारी व्यवस्थेला नाकर्ती म्हणणे, हा हाताला काम न देता एखाद्याला आळशी ठरवण्याचा प्रकार आहे.

राहिले कार्ड. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना उपयोगी आहे, तिने अनेक शस्त्रक्रिया लोकांच्या आवाक्यात आणल्या. मात्र तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतल्या जाणाऱ्या ठरावीक उपचारांवर आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आणि वारंवार होणाऱ्या रक्ततपासण्या घराच्या खर्चातून काढाव्या लागतात. शिवाय जिथे सवलत फक्त गरिबांसाठी असते, तिथे गरिबी सिद्ध करण्याचे काम आजारी माणसावर येऊन पडते. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत, तरी उत्पन्नाचे कागद घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणारे नातेवाईक शहराला नवे नाहीत. श्रीमंतांना सामावून घेण्याचे कारण इथेच आहे. जिथे फक्त गरीबच जातात, तिथे बंद पडलेल्या सीटी स्कॅनबद्दल आयुक्तांना फोन करणारा कोणी नसतो. थायलंडमध्येही गरिबांसाठी वेगळे कार्ड होते आणि ते अनेक गरिबांपर्यंत पोहोचत नव्हते. 2002 मध्ये तिथल्या सरकारने ते रद्द केले आणि अन्य सरकारी योजनेत नसलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न न विचारता, भेटीमागे फार तर 30 बाट (तिथले चलन) आकारून सार्वजनिक व्यवस्थेत घेतले.