सायकलवाल्यांचं नाव पुढे करून कुणाचं छप्पर ओढू नका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज उजाडलं की ताडपत्र्यांचे फोटो पडतात. इमारतीच्या मागून तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणारी पाइपलाइन जाते, तिच्या कडेला बांबू रोवून, निळी-पिवळी ताडपत्री बांधून काही कुटुंबं राहतायत. फोटोत त्यांच्याभोवती लाल गोल काढलेले असतात. चुलीशी बसलेल्या बाईभोवती लाल गोल, दोरीवर वाळत घातलेल्या शाळेच्या गणवेशाभोवती लाल गोल. आणि खाली ठरलेली ओळ: "सायकल ट्रॅकवर अतिक्रमण, सायकलस्वारांची गैरसोय." आता याच नावाने या ताडपत्र्या हटवायचा अर्ज सोसायटीची कमिटी देणार आहे.

कोण सायकलस्वार? मी चालवते सायकल. स्टेशनला जाताना रोज त्याच पट्ट्यावरून जाते. या ग्रुपातल्या दुसऱ्या कुणाला मी तिथे सायकलवर पाहिलेलं नाही. तेव्हा माझ्या वतीने बोलायचं असेल तर आधी मला विचारा ना, की तुला तिथे त्रास कशाचा होतो. मला त्रास होतो तो आपल्याच इमारतीतल्या लोकांनी ट्रॅकवर लावलेल्या गाड्यांचा. उलट्या दिशेने भरधाव येणाऱ्या डिलिव्हरीच्या बाइकांचा. रात्री टेम्पोने येऊन कुणीतरी ओतून गेलेल्या राडारोड्याचा, ज्यात फ्लॅटच्या नूतनीकरणातल्या फुटक्या टाइल्स असतात, म्हणजे तो झोपडीतला नाही. बंद पडलेल्या दिव्यांचा. ताडपत्रीतली माणसं ट्रॅकच्या बाहेर, भिंतीच्या अंगाला राहतात. तिथली पोरं सायकल दिसली की बाजूला होतात. माझी चेन उतरली होती तेव्हा हात काळे करून ती बसवून देणारा मुलगा तिथलाच होता. गाडीवाल्यांनी काच खाली करून हॉर्न दिला होता.

पण गाड्यांचे फोटो ग्रुपवर येत नाहीत. त्यांच्याभोवती लाल गोल काढायची कुणाची हिंमत नाही, कारण त्या गाड्यांचे मालक ग्रुपातच आहेत.

बरं, ही माणसं आली कुठून, हे विचारायचे कष्ट तरी घ्या. आकाशातून पडली नाहीत. 2006 साली एक जनहित याचिका झाली, पाइपलाइनच्या सुरक्षेची. उच्च न्यायालयाने सांगितलं, जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर मोकळे करा. मुंबईच्या पाण्याची नस आहे ती, तिची काळजी घ्यायलाच हवी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मग महापालिकेने हजारो घरं पाडली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात सायकल ट्रॅक करायचं 2017 मध्ये जाहीर झालं. मुलुंडपासून सायनच्या दिशेने, 39 किलोमीटरचा, 300 कोटींचा. नाव काय दिलं? हरित वारी जलतीरी. वारी म्हणे! वारीत चालणाऱ्याला गावोगावचे लोक ओसरी देतात, पाणी देतात, भाकरी देतात. ज्या पट्ट्यावर माणसांची घरं पाडली त्याला हे नाव देताना एकाही अधिकाऱ्याची जीभ अडखळली नाही, याचा मला आजही संताप येतो.

आणि घरं पाडून त्यांना पाठवलं कुठे, तर चेंबूरजवळच्या माहुलला. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूला रसायनांच्या टाक्या, मध्ये 72 इमारती आणि 17 हजारांहून जास्त घरं, एकेक 225 चौरस फुटांचं. 2015 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने स्पष्ट लिहिलं होतं की माहुल-आंबापाड्याच्या हवेमुळे तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. त्याआधी केईएम रुग्णालयाच्या पाहणीत तिथल्या निम्म्याहून जास्त लोकांना वारंवार धाप लागते असं निघालं होतं. हे सगळं कागदावर होतं, सरकारच्या हातात होतं. तरी 2017 मध्ये ट्रक भरभरून माणसं तिथेच नेली. ही चूक नव्हती. माहिती असून केलेली गोष्ट होती ती.

8 ऑगस्ट 2018 ला उच्च न्यायालयाने म्हटलं, या लोकांना माहुलला जायची सक्ती करू नका, दुसरीकडे सोय करा नाहीतर भाडं द्या. त्याच दिवशी दुपारी माहुलच्या भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट झाला, चाळीसहून जास्त कामगार जखमी झाले. त्याच ऑक्टोबरात माहुलचे लोक विद्याविहारला परत आले आणि जिथे त्यांची घरं होती तिथेच, पाइपलाइनच्या कडेला, पदपथावर बसले. वर्षभराहून जास्त काळ बसले. पावसात बसले. 2019 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने महिना 15 हजार भाडं आणि 45 हजार अनामत द्या असं सांगितलं, सप्टेंबरमध्ये पुन्हा बजावलं की आता कुणालाही माहुलला पाठवू नका. एवढ्या वेळा न्यायालयाने बजावल्यावरही गोरगरिबाला भाड्यासाठी, घरासाठी चपला झिजवाव्या लागतात, आणि आपण इथे फोटोला गोल काढत बसतो!

आमच्या मागच्या ताडपत्रीतल्या एक मावशी आमच्याच इमारतीत धुणीभांडी करतात. ज्यांच्याकडे करतात त्या घरातूनही फोटो टाकले गेलेत, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना माहुलची खोली मिळाली होती. काही काळ राहिल्याही. मला म्हणाल्या, "ताई, खिडकी उघडली की वास, बंद केली की जीव घाबरा. ह्यांचा खोकला थांबेना. आणि पहाटे तिथून निघून सातच्या कामाला इकडे पोचायचं कसं? एक बस चुकली की एक काम गेलं." शाळा इकडे, काम इकडे, दवाखाना इकडे. म्हणून खोली सोडून आल्या. भिंती सोडून ताडपत्रीत आल्या. माणूस असं कधी करतो, याचा दोन मिनिटं विचार करा आणि मग त्यांना फुकटे म्हणा.

फुकटे हा शब्द सेक्रेटरी काका वापरतात. मीटिंगनंतर जिन्यात मला गाठून म्हणाले, "अगं, तुला कळत नाही, घरं मिळाली की विकतात आणि परत येऊन बसतात. आज चार ताडपत्र्या, उद्या नगर होईल. आपल्या फ्लॅटचे भाव काय होतील?" मी म्हटलं, "काका, माहुलचं घर घ्यायला कोण रांगेत उभंय ते सांगा ना मला." 2025 मध्ये खुद्द महापालिकेने माहुलमधली रिकामी पडलेली नऊ हजारांहून जास्त घरं स्वतःच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली. मुंबईत, साडेबारा लाखांच्या आसपास! जिथे पार्किंगची जागाही त्या पैशात येत नाही, तिथे अख्खं घर. तरी कर्मचारी पुढे आले नाहीत, अर्जाची मुदत वाढवावी लागली. का आले नाहीत? त्यांना नाक आहे, फुप्फुसं आहेत, पोरंबाळं आहेत म्हणून. मावशींनाही आहेत. काका म्हणाले, "तो वेगळा विषय." वेगळा कसा? हाच विषय आहे!

आता जमिनीचं. ग्रुपवर सगळे छातीठोकपणे लिहितात, सरकारी जागा, आपल्या करातून झालेली जागा. मी विचारायला गेले होते. एका खिडकीवर सांगितलं, हा तुकडा आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडच्या खात्याकडे जा. पलीकडचं खातं म्हणालं, मोजणी व्हायची आहे, प्रॉपर्टी कार्डावर नोंद जुनी आहे, शेजारच्या खाजगी मालकाचाही दावा आहे. म्हणजे दिवा लावायचा, कचरा उचलायचा, नळ द्यायचा, तेव्हा ती जागा कुणाचीच नाही. तोडायला मात्र गाडी, पोलीस, मुकादम सगळे हजर, तेव्हा कुणी मोजणीची वाट पाहत नाही. आलेले लोक कागद मागतात. फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र आहे का, 2000 च्या आधीचा पुरावा आहे का, पुनर्वसनाला पात्र की अपात्र. अहो, ज्या कपाटात पुरावा होता ते कपाट जेसीबीखाली गेलं!

दिवसाला कोट्यवधी लिटर पाणी त्या पाइपांतून मुंबईला जातं आणि त्याला टेकून राहणारी पोर हंडा घेऊन आमच्या वॉचमनच्या विनवण्या करते. झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, हे उच्च न्यायालयाने 2014 मध्येच पाणी हक्क समितीच्या याचिकेत सांगितलंय. आमच्या कमिटीने काय केलं? गेटजवळच्या नळाला कुलूप लावलं. "सवय लागेल," म्हणाले. पाण्याची सवय!

"रात्रनिवारे असतात की," असंही एकीने लिहिलं. शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगून ठेवलंय. सव्वा कोटीच्या मुंबईला सव्वाशे लागतील. 2011 च्या जनगणनेतच मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले होते. आता नवरा-बायको, म्हातारी आई, वयात आलेली मुलगी आणि शेगडी-भांडी घेऊन एका कुटुंबाला एकत्र राहता येईल असा निवारा शोधून दाखवा. मी शोधलाय. शोधा आणि मग ग्रुपवर पत्ता टाका, मी स्वतः त्यांना घेऊन जाते.

आणि सायकलीचा एवढा कळवळा असेल तर बीकेसीतला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातला सायकल ट्रॅक काढून ती जागा गाड्यांना द्यायचं ठरलं तेव्हा यातला एकही जण का बोलला नाही? पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक 2022 मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरवून काढायला लावला, तेव्हा कुणाच्या लक्षात तरी आलं का? या शहरात सायकल कुणालाच नकोय. गरिबाला उठवायचं असलं की ती आठवते. याचीच मला सगळ्यात जास्त चीड आहे. ज्या माणसांकडे मुंबईत खरोखर सायकल असते, तो इस्त्रीवाला, तो दूधवाला, तो वॉचमन, ते अशाच वस्त्यांतून येतात. मावशींच्या नवऱ्याची सायकल त्याच ताडपत्रीला साखळीने बांधलेली आहे. मग सायकलस्वारांची यादी करताना त्यांना का वगळता?

आता सगळ्यांना घाई सुटलीय. कारण पावसाळ्यात झोपड्या तोडायच्या नाहीत असा सरकारचाच नियम आहे, म्हणून "जूनच्या आधी उरकून घ्या" असा मेसेज फिरतोय. उरकून घ्या! पवईच्या जय भीम नगरात 6 जून 2024 ला हेच झालं, ऐन पावसाच्या तोंडावर शेकडो घरं पाडली आणि लोक महिनोन्‌महिने पदपथावर प्लॅस्टिक बांधून राहिले. पुढे त्या कारवाईचीच चौकशी लागली. 1981 च्या जुलैमध्ये पदपथावरच्यांना असंच भर पावसात उचललं होतं. त्यावरच्या 1985 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की पोट भरायचं साधन हिरावून घेणं म्हणजे जगण्याचा हक्क हिरावून घेणं. माणूस कामाच्या जवळ राहतो, कारण लांब गेला तर उपाशी मरतो. चाळीस वर्षं होऊन गेली, आणि मला हे आमच्याच जिन्यात उभं राहून समजावून सांगावं लागतंय.

कमिटीचा अर्ज तयार आहे, "सायकल चालवणारे त्रस्त रहिवासी" या नावाने. ते शब्द खोडा. मी सही करणार नाही, आणि माझ्या सायकलीचा उल्लेख त्यात राहिला तर मी वेगळं पत्र देऊन तो खोटा असल्याचं लिहून देईन. माझा अर्ज मी आधीच दिलाय. त्यात एक नळ, दोन फिरते संडास, प्रत्येक कुटुंबाची लेखी नोंद, माहुल सोडून याच वॉर्डात संक्रमण घर, आणि तोवर न्यायालयाने ठरवलेलं भाडं मागितलंय. ट्रॅकवरच्या गाड्या उचलायलाही सांगितलंय, नंबरांसह. ज्यांना आपला नंबर त्यात आहे का बघायचं असेल त्यांनी दार वाजवा, पोच घेतलेली प्रत माझ्याकडे आहे.