‘एक कान मोकळा’ पुरत नाही

जळगाव-भुसावळकडच्या सायकलवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘एकाच कानात इअरफोन घाला, मागची गाडी बरोबर कळते.’ हे अर्धंच खरं आहे. हॉर्न ऐकू येतो, पण डावीकडून की उजवीकडून, ते नीट उमगत नाही. आवाज दोन्ही कानांत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरकाने पोचतो. त्या फरकावरून आणि कमीजास्त तीव्रतेवरून मेंदू दिशा ओळखतो. एक कान बुजला की हा हिशेबच बिघडतो. सावदा-रावेर रस्त्यावर केळीचे ट्रक असतात, कृपया हा धोका पत्करू नका.

गाणी हवीच तर हँडलला छोटा स्पीकर, बारीक आवाजात. गाव आलं की तोही बंद. उन्हाळ्यात पहाटे माणसं अंगणात, धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपलेली असतात.