राणीनं कुणाचंही मरण अंगावर घेतलेलं नाही

ताईच्या घरची राणी मागच्या आठवड्यात गेली. तांबूस रंगाची, नऊ वर्षांची गावठी कुत्री. तिला शेताच्या बांधाला पुरून घरची माणसं हातपाय धुताहेत तोवर नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर येऊन पडला: 'घरातील श्वानाचा मृत्यू, हे अवश्य वाचा'. खाली नेहमीचं 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. पाठवणाऱ्या काकांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण तो मजकूर ताईच्या सासऱ्यांनी वाचला आणि त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. म्हणून गप्प बसवत नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. कुत्रा पाळणाऱ्याला स्वर्गात जागा नाही असं महाभारतात लिहिलंय, तेव्हा त्याच्यासाठी शोक करणं पाप. कुत्रा मेला म्हणजे घरातल्या कुणाचं तरी मरण त्यानं अंगावर घेतलं; अशा वेळी रडू नये, रडलं तर संकट घरात परत येतं. कलेवर वाहत्या पाण्यात सोडावं. चाळीस दिवसांच्या आत त्याच रंगाचं पिल्लू आणावं, तोच जीव परत येतो. आणि शेवटी, कुत्र्यामांजरासाठी रडणं हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्या संस्कृतीत असलं काही नव्हतंच.

आधी महाभारत. मजकुरात दिलेली ओळ खोटी नाही, एवढं मान्य करावंच लागेल. महाप्रस्थानिक पर्वात ती आहे: 'स्वर्गे लोके श्ववतां नास्ति धिष्ण्यम्', कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. पण ती कोण म्हणतं? इंद्र. कुणाला? युधिष्ठिराला. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडलेत, हस्तिनापुरापासून मागे चालत आलेलं कुत्रं तेवढं उरलंय, आणि इंद्र रथ घेऊन समोर उभा राहून म्हणतोय, याला सोड आणि चल. मजकूर इथेच थांबतो. पुढचा श्लोक वाचायला लिहिणाऱ्याला वेळ झाला नाही. पुढे युधिष्ठिर सांगतो, आपल्यावर भक्ती करणाऱ्याला टाकून देणं हे ब्रह्महत्येच्या तोडीचं पाप आहे. शरण आलेल्याला परत धाडणं, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचं धन लुबाडणं, मित्रद्रोह ही चार पापं एका बाजूला आणि भक्ताचा त्याग दुसऱ्या बाजूला, मला दोन्ही सारखीच. रथ नको म्हणतो तो. मग ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म होता हे उघड होतं, आणि धर्मच त्याला सांगतो की कुत्र्यासाठी तू देवाचा रथ सोडलास, म्हणून स्वर्गात तुझ्या तोडीचा कुणी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं शेकडो हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यातही हा प्रसंग आहे. मराठी अनुवाद कुठल्याही बऱ्या वाचनालयात मिळतो. परीक्षा घेणाऱ्यानं विचारलेला प्रश्नच उत्तर म्हणून छापायचा आणि खाली व्यासांचं नाव घालायचं, ही लबाडी आहे.

त्याच महाभारताच्या आदिपर्वात सरमा येते, देवांची कुत्री. जनमेजयाच्या यज्ञात तिच्या पिल्लाला त्याच्या भावांनी काही कारण नसताना मारलं. ती थेट यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. तिला उत्तर मिळत नाही, तेव्हा ती राजाला शाप देते, आणि राजा घाबरून शापाचं निवारण करणारा पुरोहित शोधत फिरतो. कुत्रीच्या दुःखाची एवढी दखल घेणारा ग्रंथ कुत्र्यासाठी रडणाऱ्याला पापी ठरवतो म्हणे!

आता कुणी म्हणेल, पण श्राद्धाच्या वेळी कुत्रा दिसू नये असं मनुस्मृतीत आहेच ना? आहे. तिसऱ्या अध्यायात २३९वा श्लोक. मात्र पूर्ण वाचा. ब्राह्मण जेवत असताना त्यांच्याकडे पाहू नये अशांच्या त्या यादीत कुत्र्याच्या सोबतीला चांडाळ आहे, रजस्वला स्त्री आहे. हा श्लोक ज्याला प्रमाण मानायचा असेल त्यानं तो आख्खा मानतो असं घरातल्या बायकांसमोर उभं राहून सांगावं. आणि श्राद्धाच्याच दिवशी काकबळीबरोबर कुत्र्याचाही घास काढतात, तो काय उगाच?

खरा राग मला दुसऱ्या मुद्द्याचा आहे. 'मरण अंगावर घेतलं.' ऐकायला किती गोड वाटतं! कुत्र्याचा मोठेपणा सांगितल्यासारखं. आमच्याकडे या वाक्यानं काय केलं ते सांगते. बापूंना, म्हणजे ताईच्या सासऱ्यांना, मागच्या दिवाळीत हार्ट अटॅक येऊन गेला. अँजिओप्लास्टी झाली, घरी आले, आणि राणी त्यांच्या कॉटखालून हलेना. आता मजकूर वाचल्यावर बापू ताईला विचारतात, "तवाच घेतलं का गं तिनं? माझ्यापायीच गेली ना?" पंचाहत्तरीच्या माणसाच्या डोक्यात हे भरलंय की आपण जगतोय ते राणीच्या जिवावर. वर ही अट की रडायचं नाही, नाहीतर संकट परत येईल. म्हणजे अपराधही त्यांचाच आणि डोळ्यांतून पाणी काढायचीही चोरी. दुःखात असलेल्या माणसाला याहून वाईट काय सांगता येईल?

राणी कशानं गेली ते आम्हाला नेमकं माहीत आहे. गर्भाशयात पू झाला होता, डॉक्टरी भाषेत पायोमेट्रा. पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते नसबंदीचं ऑपरेशन न केलेल्या, वयानं वाढलेल्या माद्यांना होणारा हा अगदी नेहमीचा आजार. कुत्री माजावर येऊन गेली की पुढच्या काही आठवड्यांत होतो. स्वीडनमध्ये बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो. तिथल्या नोंदींवरून दिसलं की ऑपरेशन न केलेल्या माद्यांमध्ये दहा वर्षांच्या आत साधारण चार-पाचातल्या एकीला तो होतो. राणी आठवडाभर पाण्याचं पातेलं पुन्हा पुन्हा रिकामं करत होती. उन्हाळा आहे, पिणारच, असं सगळ्यांना वाटलं. मग भाकरी हुंगून बाजूला व्हायला लागली. पोट जड दिसत होतं, उलट्या झाल्या. गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर बाहेर काहीच येत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. विष रक्तात भिनतं, मूत्रपिंडं निकामी व्हायला लागतात. सोनोग्राफीत कळलं तेव्हा उशीर झाला होता. ऑपरेशन झालं, पण त्याच रात्री ती गेली.

यात बापूंच्या हृदयाचा संबंध कुठे आला? अटॅक दिवाळीत, राणी गेली वैशाखात. मजकूर लिहिणाऱ्याची खुबी अशी की त्याला चूक ठरवताच येत नाही. घरात कुणी आजारी असून बरं झालं, तर कुत्र्यानं घेतलं. कुणी आजारीच नव्हतं, तर येणारं होतं ते घेतलं. दोघंही गेले, तर संकट फार मोठं होतं. आठ-पंधरा वर्षांच्या आयुष्याचा प्राणी माणसांच्या घरात मरतो तेव्हा मागेपुढे कुणीतरी आजारी असतंच.

यातला अर्धा भाग खरा आहे, तोही सांगून टाकते. माणूस आजारी आहे हे कुत्र्याला कळतं. त्याचं नाक आपल्या कल्पनेपलीकडचं असतं. मधुमेही माणसाची साखर उतरली की सावध करायला कुत्री शिकवून तयार करतात. बापूंच्या अंगाचा वास बदलला असेल, चालणं बदललं असेल, औषधांचा वास येत असेल, म्हणून राणी कॉटखाली बसून राहिली. तिला कळलं असणार. पण कळणं वेगळं आणि आजार स्वतःच्या अंगावर ओढून घेणं वेगळं. अटॅक घेतला असता तर हृदय बिघडलं असतं, गर्भाशय नव्हे.

आणि नुकसान नुसतं मनाचं नाही. हे डोक्यात बसलेलं घर कुत्री खात नाही म्हटल्यावर आधी मीठ-मोहऱ्या ओवाळतं. आमच्याकडेही शेजारच्या आजींनी ओवाळल्याच. पायोमेट्रात एकेक दिवस महत्त्वाचा असतो. कुत्री फार पाणी प्यायला लागली, खाईना, मागून घाण स्राव येतोय किंवा पोट फुगलंय, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. पिल्लं नको असतील तर वेळेवर ऑपरेशन करून घ्या, हा आजार टळतो. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवायचं तर हे पोहोचवा.

पाश्चात्त्यांचं खूळ म्हणता? कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथला शके ८७२चा, म्हणजे इसवी सन ९४९-५०चा शिलालेख आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा आणि त्याच्या बाजूचा गंग राजा बूतुग यांनी चोळांचा पराभव केला. त्या लढाईतल्या पराक्रमावर खूश होऊन बूतुगानं मणलेर नावाच्या वीराला म्हटलं, काय हवं ते माग. त्यानं मागितला 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा. पुढे तो एका दांडग्या रानडुकरावर सोडला, दोघं झुंजले आणि दोघंही मेले. मणलेरानं देवळासमोर काळीच्या नावानं दगड उभा केला, वर कुत्रा आणि डुकराची झुंज कोरून घेतली, दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. पूजा केल्याशिवाय पुजाऱ्यानं जेवू नये असंही त्यात बजावलंय. हा कृष्ण तिसरा आपल्याला परका नाही, त्याचा ताम्रपट आमच्याच जिल्ह्यात कऱ्हाडला सापडलाय. हजार वर्षांपूर्वी लढाई जिंकून आलेला वीर कुत्र्यासाठी दगड उभा करतो, त्यानं हे कुठल्या इंग्रजाकडून शिकलं? खंडोबाच्या पायाशी आणि दत्ताच्या भोवती कुत्री आहेत, ती तर रोज दिसतात.

राहिलेल्या दोन गोष्टींवर फार वेळ घालवायची इच्छा नाही. कलेवर नदीत सोडू नका. खालच्या गावाला तेच पाणी प्यायचंय. शेत असेल तर विहिरीपासून लांब खोल खड्डा घ्या. शहरात असाल तर महापालिकेला विचारा, मुंबईत मालाडला २०२३ पासून पाळीव प्राण्यांसाठी दाहिनी आहे. आणि चाळीस दिवसांत त्याच रंगाचं पिल्लू? घर तयार नसताना आणलेल्या पिल्लाचे हालच होतात. ते राणीसारखं वागत नाही म्हणून रोज बोलणी खातं, आणि चार महिन्यांनी कुणाच्या तरी दारात सोडलं जातं.

कुत्र्याचं सुतक नसतं, हे मजकुरातलं आणखी एक वाक्य मात्र बरोबर आहे. नसतंच. सुतक नात्यातल्या माणसांचं असतं आणि त्यात देवपूजा कधी करायची, कधी नाही याचे नियम असतात. डोळ्यांत पाणी कधी आणायचं याचा नियम त्यात नाही. काकांना मी फोन करून एवढंच सांगितलं की तुम्ही स्वतः बापूंना फोन करा, आणि राणी आजारानं गेली, तुमच्यामुळे नाही, हे तुमच्या तोंडून सांगा. तुमच्या मजकुरावर त्यांनी विश्वास ठेवलाय, तेव्हा तुमचंच ऐकतील.