खुलासा : रीफर (माल थंड ठेवून नेणाऱ्या) गाडीचं कूलिंग युनिट रात्री बंद ठेवू नका

‘रात्री हवा थंड असते, रीफरचं युनिट बंद ठेवा, डिझेल वाचवा’ असा मेसेज धाराशिव-लातूरकडच्या द्राक्ष बागायतदारांत फिरतोय. तो चुकीचा आहे. तोडलेली द्राक्षंही श्वसन करतात, पेटीत उष्णता साठत जाते. त्यांना ० ते १ अंशाच्या आसपास तापमान लागतं. मार्चमधली आपली रात्र तेवढी थंड नसते. पहाटे युनिट लावून तापलेला माल सावरत नाही. युनिटच्या वापरपुस्तिकांतही हेच असतं : ते थंडी टिकवण्यासाठी आहे, माल थंड करण्यासाठी नाही. वर्षभराची मेहनत यात जाते, म्हणून कळकळीची विनंती, तो मेसेज पुढे पाठवू नका.

डिझेल वाचतं ते माल चढवण्याआधीच थंड (प्रीकूलिंग) करून, कंडेन्सरवरची (युनिटची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावरची) धूळ काढून, दाराचं फाटलेलं रबर बदलून. युनिट बंद करायचंच तर माल चढवताना, दार उघडं असेल तेवढा वेळ करा.